सात गुणिले बाराचा गुन्हा

‘उत्तर बरोबर, मांडणी चूक. अर्धा गुण वजा.’

तिसरी-चौथीच्या वहीत लाल शाईतला हा शेरा पुष्कळ घरांनी पाहिलेला असेल. उदाहरण अगदी साधं असतं. एका पेनची किंमत १२ रुपये, तर ७ पेनांची किंमत किती? मुलीने लिहिलं, ७ × १२ = ८४. बाईंना हवं होतं, १२ × ७ = ८४. चौऱ्याऐंशीबद्दल कुणाचं दुमत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला माणूस चौऱ्याऐंशी रुपये गल्ल्यात टाकील, सात पेनं हातात ठेवील आणि गिऱ्हाइकाच्या मनात आधी सात आले की आधी बारा, याची चौकशी करणार नाही. ती चौकशी फक्त शाळेत होते.

माझ्या भाचीच्या वहीत हा शेरा आला, तेव्हा एखाद्या बाईंचा अतिकाटेकोरपणा म्हणून मी तो सोडूनही दिला असता. पण चार ठिकाणी विचारलं तर कळलं, की ही लहर नाही, हा पंथ आहे. त्यात शाळेतले शिक्षक आहेत, शिकवणीचे सर आहेत, गाइडं छापणारे आहेत. आणि ‘शाळेत सांगतात तसंच लिही, उगाच शहाणपणा नको’ म्हणणारे आईबाप तर आहेतच. पंथ म्हटला की त्याला तत्त्वज्ञान लागतं. याही पंथाला आहे, आणि ते मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवलं जातं.

ते असं. गुणाकार म्हणजे एकाच संख्येची पुन्हा पुन्हा केलेली बेरीज. जिची बेरीज करायची ती संख्या गुण्य, ती आधी. जितक्या वेळा करायची तो गुणक, तो नंतर. किंमत बारा, ती सात वेळा, म्हणून १२ × ७. जिने ७ × १२ लिहिलं तिने सात पेनं बारा वेळा घेतली, तेव्हा तिचं उत्तर चौऱ्याऐंशी पेनं असं येतं, चौऱ्याऐंशी रुपये नव्हे. आकडा जुळला हा योगायोग. मुलीला प्रसंगच कळलेला नाही. आज ही ढिलाई खपवून घेतली, तर उद्या ती भागाकारात अडखळेल आणि परवा मॅट्रिक्समध्ये सपशेल आपटेल.

किती शास्त्रशुद्ध वाटतं ऐकायला!

पहिल्यांदा तो योगायोग पाहू. सात आणि बारा घेतले तर उलटसुलट गुणून उत्तर एकच येतं. नऊ आणि तेरा घेतले तरी येतं. तीनशे अठ्ठेचाळीस आणि सात घेतले तरी येतं. जगातल्या कुठल्याही दोन पूर्ण संख्या घ्या, उत्तर हलत नाही. दर वेळी, न चुकता घडणाऱ्या योगायोगाला गणितात दुसरं नाव आहे: प्रमेय. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ते सोळावं प्रमेय म्हणून मांडलं आणि सिद्ध केलं. डिरिक्ले या जर्मन गणितज्ञाची संख्यासिद्धांतावरची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर १८६३ साली डेडेकिंटने पुस्तकरूपात आणली. त्या जाडजूड पुस्तकाची सुरुवात कशाने होते? गुणाकारात क्रम बदलला तरी फळ बदलत नाही, या गोष्टीच्या सिद्धतेने. इतक्या मोठ्या माणसाला ही गोष्ट पहिल्या पानावर सांगण्याइतकी महत्त्वाची वाटली. आपल्याकडे ती मुलीच्या लेखणीतून सहज उतरली, तर आपण तिथे फुली मारतो.

‘पण तिला ते प्रमेय माहीत नव्हतं, तिने नुसते आकडे उलटे टाकले!’ असा बचाव लगेच येईल. नसेलही माहीत. पण मग जिने १२ × ७ लिहिलं, तिला तरी काय माहीत होतं? याकडे मी येणारच आहे, कारण पंथाची सगळी मदार तिथे आहे.

आधी तो ‘प्रसंग’. प्रसंगात म्हणे एकच क्रम दडलेला असतो, बारा सात वेळा. खरंच एकच? ही सात पेनं टेबलावर ओळीने मांडा. प्रत्येक पेनापुढे एक-एक रुपया ठेवा. किती रुपये झाले? सात. पुन्हा एक फेरी करा, आणखी सात. प्रत्येक पेनापुढे त्याची किंमत जमेपर्यंत किती फेऱ्या होतील? बारा. म्हणजे सात रुपये, बारा वेळा. पेनं नव्हे हो, रुपये! ७ × १२ = ८४ रुपये, आणि तेही पंथाच्याच व्याख्येने, गुण्य आधी नि गुणक नंतर. प्रसंग तोच, पेनं तीच, पैसे तेच. मग मुलीच्या डोक्यात यातली कुठली मांडणी चालली होती, हे बाईंना वहीवरून कसं कळलं?

ही युक्ती माझी नाही. जपानमध्ये हा वाद १९७२ सालीच वर्तमानपत्रांतून गाजला होता. तिथलं उदाहरण पेनांचं नव्हतं, संत्र्यांचं होतं. सहा मुलांना प्रत्येकी चार संत्री द्यायची, तर एकूण किती लागतील? मुलांनी ६ × ४ लिहिलं, शाळेने ते चूक ठरवलं, ४ × ६ च हवं म्हणून. तोयामा हिराकु हे तिथले नावाजलेले गणितज्ञ, शालेय गणिताच्या सुधारणेत आयुष्य घातलेले. त्यांनी दाखवून दिलं, की पत्ते वाटतात तशी संत्री वाटा. एका फेरीत सहा मुलांना सहा, अशा चार फेऱ्या. झालं ६ × ४. पन्नास वर्षं उलटून गेली, जपानमध्ये वाद अजून शमलेला नाही, आणि तोयामांच्या त्या पत्त्यांना उत्तर मात्र कुणाला सापडलेलं मी पाहिलं नाही.

आता गंमत बघा. जपानी पद्धतीत ५ × ३ म्हणजे पाच, तीन वेळा. आपल्याकडेही तेच, पाच गुणिले तीन म्हणजे पाच अधिक पाच अधिक पाच. पण अमेरिकेत २०१० साली जी सामायिक मानकं आली, त्यात ५ × ७ चा अर्थ सांगितला आहे सात-सात वस्तूंचे पाच गट. म्हणजे तिथे आधी किती वेळा, मग किती. तिथल्या एका शाळेतली उत्तरपत्रिका २०१५ साली जगभर फिरली. पुनरावृत्त बेरीज वापरून ५ × ३ सोडवा, असा प्रश्न. मुलाने लिहिलं ५ + ५ + ५ = १५. गुण कापला. हवं होतं ३ + ३ + ३ + ३ + ३. म्हणजे जे आपल्या बाईंनी ‘छान’ म्हणून बरोबरची खूण करून परत दिलं असतं, तेच तिथे चूक. न्यू जर्सीतल्या मराठी घरात आजी व्हिडिओ कॉलवर नातवाला ‘पाच त्रिक पंधरा’ शिकवीत असेल, तर तिला कल्पनाही नसेल, की ती त्याचे गुण बुडवते आहे. समुद्र ओलांडला की ज्याचा अर्थ उलटा होतो, ती गोष्ट गणिताचं सत्य कशी असेल? ती वहिवाट आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवावी, असल्या जातीची. वहिवाटीला माझा विरोध नाही. पण ती मोडली तर ‘आपल्याकडे असं लिहितात’ एवढंच म्हणता येतं. ‘तुला गणित कळलेलं नाही’ असं म्हणता येत नाही. शिवाय रस्त्यावर बाजू चुकली तर अपघात होतो. इथे काय होतं? चौऱ्याऐंशीच होतात.

एकक-वाद्यांचा मुद्दा आणखी मजेशीर आहे. ‘सात पेनं गुणिले बारा, म्हणून चौऱ्याऐंशी पेनं.’ असं म्हणणाऱ्यांनी एकक अर्धवटच लिहिलं आहे. बारा हे नुसते बारा नाहीत, दर पेनाला बारा रुपये आहेत. सात पेनांना ‘दर पेनाला बारा रुपये’ याने गुणा, पेन जातं, रुपये उरतात. उलट्या क्रमाने गुणा, तरी पेन जातं, रुपये उरतात. एकक काही पहिल्या आकड्याच्या बोटाला धरून उत्तरापर्यंत चालत येत नाही. हीच मुलं पुढे विज्ञानात बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण शिकतात. तिथे उत्तर न्यूटनमध्ये येतं. ते पहिल्याचं एकक आहे की दुसऱ्याचं? कुणाचंच नाही! अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, आणि कुणी वेळ गुणिले वेग लिहिलं म्हणून विज्ञानाच्या सरांनी गुण कापल्याचं ऐकिवात नाही. आयताचं क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी. अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद सतरंजीत गुण्य कोण आणि गुणक कोण? अडीच दीड वेळा घ्यायचे, की दीड अडीच वेळा? ‘पुन्हा पुन्हा बेरीज’ ही व्याख्या दिडाशी येऊनच धापा टाकते. अपूर्णांक शिकवायला घेतले की पंथ गुपचूप आपला झेंडा गुंडाळून ठेवतो, आणि मुलाला कुणी सांगतही नाही, की कालपर्यंत ज्यासाठी तुझे गुण कापले तो नियम आता रद्द झाला आहे.

बीजगणितात तर नियम रद्दही होत नाही, उलटा होतो. एका पेनची किंमत ‘क्ष’ रुपये, तर तीन पेनांची किंमत? पंथाप्रमाणे क्ष × ३. पण पुस्तक म्हणतं ३क्ष, संख्या आधी, अक्षर नंतर. क्ष३ लिहून पाहा, तिथेही लाल रेघ ओढली जाईल. एकच मूल, एकच पेन, चौथीत एका क्रमासाठी गुन्हेगार आणि सातवीत नेमक्या त्याच्या उलट्या क्रमासाठी. मुलांना गणिताची भीती का वाटते यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी जरा याकडे बघावं.

पण सातवीपर्यंत कशाला जायचं? त्याच चौथीच्या वर्गात, त्याच फळ्यावर बघू. ७ रुपयांना एक खोडरबर, तर ३४८ खोडरबरांची किंमत किती? आडव्या मांडणीत बाईंना हवं ७ × ३४८. ठीक. आता खाली उभी मांडणी करा. वर काय लिहायचं? बाईंनीच शिकवलंय, ‘मोठी संख्या वर, लहान खाली’. म्हणजे वर ३४८, खाली ७. वरच्या ओळीत ज्या क्रमासाठी प्राण पणाला लावले, तो पुढच्याच ओळीत बाईंनी स्वतः उलटा केला, आणि कुणाचाही अर्धा गुण गेला नाही! कारण उघड आहे. सात तीनशे अठ्ठेचाळीस वेळा मिळवत बसलं तर मधली सुट्टी संपून जाईल. बेरजेतही तेच. पहिलीतल्या पोराला आपण सांगतो, ‘मोठी संख्या मनात ठेव, लहान बोटांवर मोज.’ तीन अधिक आठ असलं तर आठ मनात, तीन बोटांवर. क्रमाचं बंधन नाही याचा फायदा शिक्षक रोज घेतात. मुलाने घेतला की ती ढिलाई.

‘गुण्य आणि गुणक ही आपली परंपराच आहे,’ असंही एकाने मला सुनावलं. परंपरा काढलीच आहे, तर जरा उघडून बघू. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, ‘लीलावती’ लिहिली. त्यात गुणाकाराचं उदाहरण आहे, १३५ ला १२ ने गुणण्याचं. गुण्य १३५, गुणक १२, हे शब्द तिथे आहेतच. पण ते कशासाठी? करायची कृती सांगण्यासाठी. मग भास्कराचार्य काय करतात? बाराचे आठ आणि चार करतात. बाराचे तीन गुणिले चार करतात. बाराचे दहा आणि दोन करतात. बारामध्ये आठ मिळवून वीस करतात आणि नंतर आठपट वजा करतात. दर वेळी उत्तर १६२०. संख्या मोडावी, जोडावी, सोयीची करून घ्यावी. एकच फळ कितीतरी वाटांनी काढता येतं, हे दाखवण्याची हौस त्या पानात आहे. त्यातून ‘गुण्य डावीकडे न लिहिल्यास अर्धा गुण वजा’ एवढाच धडा कुणी घेतला असेल, तर त्याचं खापर भास्कराचार्यांवर फोडू नये.

आता मॅट्रिक्सचा बागुलबुवा. पुढे अशा राशी येतात, की ज्यांच्या गुणाकारात क्रम बदलला तर फळ बदलतं, म्हणून लहानपणापासून क्रमाची सवय लावलेली बरी. हा युक्तिवाद ऐकून मी काही क्षण गप्पच झालो. बारावीत पाणी उकळायला शिकवायचं आहे, म्हणून तिसरीत बर्फाला गरम म्हणायचं? क्रम बदलला की फळ बदलणारे गुणाकार आहेत, पण ते आहेत म्हणून सात आणि बारा त्यांच्यात मोडत नाहीत. विल्यम हॅमिल्टन हा गणितज्ञ १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याकाठाने चालला होता. अशा संख्या त्याला सुचल्या, की ज्यांत पहिल्याला दुसऱ्याने गुणलं की एक उत्तर येतं, आणि दुसऱ्याला पहिल्याने गुणलं की त्याचं ऋण. तो इतका हरखला, की त्याने ते सूत्र ब्रूम पुलाच्या दगडावर कोरलं. का हरखला? कारण तोवरच्या साऱ्या संख्यांत क्रमाला किंमत नव्हती, आणि हे त्याच्या हाडीमांसी भिनलेलं होतं. ज्याला क्रमाचा नियम कुठे लागू आहे तेच माहीत नाही, त्याला तो कुठे मोडतो याचं आश्चर्य काय वाटणार? आपण मुलाला चौथीत सांगतो, की साध्या संख्यांतही क्रम मोडू नये. मग बारावीत मॅट्रिक्सचे सर आवाज चढवून सांगतात, ‘इथे क्रम बदलता येत नाही बरं का!’ मूल म्हणतं, बरं, नाही तर नाही. कधी बदलता येत होता?

उरला पंथाचा शेवटचा आणि खरा किल्ला: क्रमावरून समज तपासता येते. १२ × ७ लिहिणाऱ्याला प्रसंग कळला, ७ × १२ लिहिणाऱ्याला नाही. हे खरं असतं, तर मी हा लेख लिहिलाच नसता.

क्रम पक्का करायला वर्गात काय शिकवतात, ते विचारा. ‘उत्तर ज्याचं विचारलंय, तो आकडा आधी लिहायचा.’ किंमत विचारली तर रुपयांचा आकडा आधी, गोळ्या विचारल्या तर गोळ्यांचा. जपानी शाळांतही हीच क्लृप्ती आहे. पहिल्याचं आणि उत्तराचं एकक एकच, मधे दुसरा, म्हणून तिथे तिला सँडविच म्हणतात. ही क्लृप्ती वापरायला प्रसंग समजावा लागतो का? मुळीच नाही. प्रश्नाचा शेवटचा शब्द वाचायचा, त्या शब्दाचा आकडा उचलून डावीकडे टाकायचा. गोष्ट वाचलीच नाही तरी चालतं. गुणाकार करायचा की भागाकार, हेही तपासावं लागत नाही, कारण धडा गुणाकाराचा आहे! म्हणजे ज्या लक्षणावरून आपण समज ओळखू म्हणतो, ते लक्षण न समजताच आणता येतं, आणि समजूनही चुकवता येतं. ज्याने टेबलावर रुपयांच्या बारा फेऱ्या मनात मोजल्या, तो चुकतो. ज्याने शेवटचा शब्द वाचला, तो पास होतो. ही तपासणी आहे की चेष्टा?

समज तपासायचीच असेल, तर मार्ग शेजारीच आहे. विचारा, ‘यातले सात म्हणजे काय? बारा म्हणजे काय?’ चित्र काढायला सांगा. ७ × १२ लिहिणारी मुलगी म्हणाली, ‘सात पेनं, एकाला बारा रुपये’, तर तिला सगळं कळलेलं आहे. १२ × ७ लिहिणारा नुसताच बघत राहिला, तर त्याला काही कळलेलं नाही, मग त्याचा क्रम कितीही शुद्ध असो. यावर उत्तर येतं, की पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला विचारायला वेळ कुठून आणायचा? हे मी मान्य करतो. या सगळ्या वादात मान्य करण्यासारखं एवढंच आहे. वेळ नसेल तर विचारू नका. पण न विचारता निकाल देऊ नका.

याच पंथातले काही जण दिवसाच्या गोळ्यांचं उदाहरण देतात. रोज ३ गोळ्या ५ दिवस घ्या, आणि रोज ५ गोळ्या ३ दिवस घ्या, यात फरक नाही का? आहे ना! पहिल्यात बरे व्हाल, दुसऱ्यात डॉक्टरकडे परत जाल. पण हा फरक डॉक्टरच्या चिठ्ठीत असतो, गुणाकाराच्या चिन्हात नसतो. ‘३ × ५’ या तीन खुणांत दिवस कुठला आणि गोळी कुठली हे कुठे लिहिलेलं आहे? औषधाच्या दुकानात पंधरा गोळ्या मोजून द्यायला ‘पंधरा’ एवढंच पुरतं. किती, कधी, कशाबरोबर, हे सांगायला भाषा आहे.

माझा खरा राग मात्र अर्ध्या गुणावर नाही. या काटेकोरपणाच्या भरात जे झाकलं जातं, त्यावर आहे.

पुन्हा पुन्हा बेरीज करताना क्रम बदलला तरी चालतं, ही गोष्ट स्वयंसिद्ध वाटते का? जरा पुढची पायरी बघा. पुन्हा पुन्हा गुणाकार केला तर काय होतं? दोन तीन वेळा गुणले, आठ. तीन दोन वेळा गुणले, नऊ. तिथे क्रम बदलला की उत्तर बदललं. वजाबाकीत बदलतं, भागाकारात बदलतं. मग गुणाकारातच का बदलत नाही? बारा-बाराचे सात ढीग आणि सात-सातचे बारा ढीग यांचं एकमेकांशी काय नातं? मुलाला वाटायला हवं, की हे अजबच आहे. आणि त्याचं कारण त्याला आठव्या-नवव्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. जमिनीवर चिंचोके मांडा, सात ओळी, प्रत्येकीत बारा. ओळींच्या समोर बसून मोजा: बारा, सात वेळा. आता उठून बाजूला जाऊन बसा आणि उभ्या रांगा मोजा: सात, बारा वेळा. चिंचोका एकही हलला नाही. सात आणि बाराच्या जागी कुठलेही दोन आकडे घातले तरी हेच घडणार, हेही त्याला तिथेच दिसतं. आयुष्यातली पहिली सिद्धता! डिरिक्लेनेही अशाच ओळी आणि रांगा मांडल्या होत्या. शालेय गणितात इतक्या लहान वयात, इतक्या कमी सामानात मिळणारं दुसरं प्रमेय मला तरी आठवत नाही. त्याची आपण काय व्यवस्था लावली आहे? आधी चार वर्षं ‘उलटं लिहू नको’ म्हणून बजावायचं, आणि मग वरच्या इयत्तेत एक दिवस ‘क्रमनिरपेक्षता’ असा भारदस्त शब्द चौकटीत छापून पाठ करायला द्यायचा. ‘क्रम बदलला तरी चालतो’ एवढं एका ओळीत सांगून मोकळे होणाऱ्या उदार मंडळींनाही मी यातून सोडत नाही. त्यांनी गुण कापला नाही, पण चिंचोकेही मांडले नाहीत.

पाठांतराचंच बघा. बे पासून तीस पर्यंतचे पाढे म्हणजे २९० ओळी आपण पोरांकडून घोकून घेतो. नुसत्या एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर ओळी आहेत. ‘सात आठे छप्पन्न’ येत असेल तर ‘आठ साते छप्पन्न’ वेगळं घोकायचं कारण नाही. शंभरातल्या पंचेचाळीस ओळी अशा आयत्या मिळतात. चिनी मुलांचा जुना पाढा एक ते नऊचा. त्यात लहान संख्या आधी, मोठी नंतर, अशी जोडी एकदाच येते, म्हणून एक्क्याऐंशीऐवजी पंचेचाळीस ओळींत तो संपतो. आपलं मूल बिचारं छप्पन्नावर येऊन अडखळतं, कारण आठाचा पाढा अजून ‘झालेला’ नाही. साताचा झालेला असतो!

मोठेपणी तर हीच गोष्ट रोज उपयोगी पडते. पन्नास रुपयांवर १८ टक्के जीएसटी किती? बोटं मोजू नका, उलटं करा: अठरावर पन्नास टक्के. नऊ रुपये. सोळा रुपये किलोने पंचवीस किलो कांदे घेतले तर मंडईतला माणूस सोळा पंचवीस वेळा मिळवत नाही. तो म्हणतो, पंचवीस चोक शंभर, असे चार, चारशे. त्याला कुणी सांगितलं नाही, की किंमत गुण्य असते आणि ती आधी घ्यायची असते. नशीब त्याचं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ म्हणायची मुभा दिली, तेव्हा सारा महाराष्ट्र पेटून उठला होता. वाहिन्यांवर चर्चा झाल्या, विधानसभेत टोमणे रंगले, समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना स्पष्टीकरणं देत फिरावं लागलं. संख्येचं नाव मुलाने सोपं करून घेतलं तर मराठी अस्मितेला धक्का बसतो. पण बरोबर विचार करणाऱ्या मुलाला चूक ठरवलं, तर कुणाची झोप उडत नाही. उलट पालकच वही पुढे सरकवतात आणि म्हणतात, ‘बघ, बाई बरोबर सांगतायत.’

नाही, बाई बरोबर सांगत नाहीत. ७ × १२ आणि १२ × ७ यांतलं एक बरोबर आणि दुसरं चूक असं सांगणारा माणूस गणित शिकवीत नसतो, हस्ताक्षरासारखी एक सवय शिकवीत असतो, आणि तिच्या नावाखाली गणिताचा एक खरा नियम खोटा ठरवीत असतो. चौथीच्या मुलाला आपण जे शिकवतो ते अपुरं असलं तर समजू शकतो. ते खोटं असायचं काहीच कारण नाही.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी आणि आदर्श उत्तरं छापणाऱ्यांनी गुणदानाच्या सूचनेत तीन शब्द वाढवावेत: ‘दोन्ही क्रम ग्राह्य.’ आणि मुलांची समज तपासायची एवढीच तळमळ असेल, तर वार्षिक परीक्षेत सरळ प्रश्न घालावा: ७ × १२ आणि १२ × ७ यांचं उत्तर एकच का येतं, ते चित्र काढून सांगा. चार गुण. पण पेपर वर्गात वाटण्याआधी तो एकदा शिक्षकांच्या खोलीत वाटून पाहावा.